समासातल्या लाल खुणा

औषधांच्या दुकानात दुपारची गर्दी होती. सूनबाईच्या एका हातात खोकल्याच्या औषधाची बाटली, दुसऱ्या हातात कुठल्याशा डॉक्टरची न लागणारी चिठ्ठी, आणि तेवढ्यात फोन वाजला. फोन स्मरण-केंद्रातून होता. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे दिवसाचे काही तास नेऊन बसवायचे, त्यांच्याकडून खेळ, कोडी, गाणी असं करून घ्यायचे. तिच्या सासूबाई आठवड्यातून तीन दिवस तिथे जात.

"तुमच्या सासूबाई कागद खराब करतात," केंद्राच्या संचालिकाबाई म्हणाल्या. "आम्ही खूप सांभाळून घेतलं हो. पण आता तुम्ही येऊन भेटाच."

"खराब करतात म्हणजे? फाडतात का?"

"फाडत नाहीत, गिरगटतात. रंग भरा म्हटलं तर रंग भरायचा नाही, जोड्या लावा म्हटलं तर लावायच्या नाहीत. सूचना म्हणून पाळत नाहीत."

सूनबाईला एकदम शाळेतून तक्रार यावी तसं ओशाळवाणं वाटलं. "येते उद्या," ती म्हणाली, आणि खोकल्याच्या औषधाला आलेल्या गिऱ्हाइकाला चुकून पोटदुखीच्या गोळ्या देता देता राहिली.

तिच्या सासूबाई म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं होतं. छापायच्या आधी कच्चा कागद त्यांच्या टेबलावर यायचा, आणि त्यांच्या हातून सुटल्याशिवाय यंत्र हलायचं नाही. शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, कोर्टाच्या नोटिसा, वैद्यकीय महाविद्यालयाचे जाडजूड ग्रंथ, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. खिळे जुळवणारे जुळारी लोक त्यांना पाठीमागे 'मात्राबाई' म्हणत, कारण बाई एक मात्रा सोडत नसत. एकदा एका वैद्यकीय पुस्तकात औषधाच्या मात्रेचा आकडाच त्यांना खटकला. मूळ हस्तलिखितातही तोच आकडा होता, म्हणजे त्यांची जबाबदारी संपली होती. पण बाईंनी यंत्र अर्धा दिवस थांबवलं, मालकांचे शिव्याशाप खाल्ले, आणि लेखक असलेल्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. आकड्यात एक शून्य जास्त होतं. ते तसंच छापून गेलं असतं तर कुणाचं काय झालं असतं, ते त्या डॉक्टरांनी मालकांना सांगितलं आणि मालक दोन दिवस बाईंच्या नजरेला नजर देत नव्हते.

घरात मात्र या गुणाचा सूनबाईला काच झाला होता. नवीन लग्न झालेलं असताना ती एक दिवस चिठ्ठी ठेवून बाहेर गेली होती: 'आई, दुध फ्रिजमधे आहे, मी संध्याकाळी येते.' परत आली तो चिठ्ठी टेबलावरच, आणि तिच्यावर लाल पेन्सिलीने 'दु'चा 'दू' केलेला, 'मधे'मध्ये 'य' घुसवलेला. वर काही राग नाही, टोमणा नाही. फक्त दुरुस्ती. सूनबाई न्हाणीघरात जाऊन रडली होती. पुढे पंचवीस वर्षं किराण्याच्या यादीपासून मुलाच्या शाळेच्या अर्जापर्यंत तिने जे जे लिहिलं त्याच्यावर ही लाल पेन्सिल चालली. शब्द घुसवायचं काकपद, खोडायची शेपटी, जागा सोडायची खूण, समासात मारलेली तिरकी रेघ, सगळ्या खुणा तिला मार खाऊन खाऊन पाठ झाल्या होत्या.

चार वर्षांपूर्वी बाईंचं बिनसलं. वर्तमानपत्राचं एकच पान त्या तीनतीनदा वाचू लागल्या. एक दिवस, बंद पडून वर्षं झालेल्या छापखान्याच्या बसची वाट बघत थांब्यावर दोन तास उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. "औषध आहे, पण औषधावर फार भरवसा ठेवू नका," ते म्हणाले होते. "डोक्याला काम द्या. आणि घरच्यांनी या आजाराबद्दल शिकून घ्या. आमच्या रुग्णालयात परिचारिका दर शनिवारी वर्ग घेतात, तिथे या." सूनबाईचं दुकान, नवऱ्याची पाणीपुरवठ्यातली पंपावरची पाळी, शनिवारच्या वर्गाला जायला फुरसत कुणाला? त्यांनी केंद्रात नाव घातलं आणि डोक्याला काम मिळालं असं समजून सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली. भिंतींवर कागदी फुलपाखरं, खांबांना फुगे. एका लांबट खोलीत बावीस म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली आणि त्यांच्यापुढे उभी राहून एक तरुण मुलगी टाळ्या वाजवत बालगीत म्हणत होती. सगळ्यांनी तिला 'ताई' म्हणायचं असा नियम होता. तिच्यापेक्षा पन्नास वर्षांनी मोठी माणसंसुद्धा ताई म्हणत.

संचालिकाबाईंनी फाइल पुढे सरकवली. वर तक्ता होता. 'सहभाग: शून्य. आकलन: शून्य. सहकार्य: शून्य.' आणि शेजारी रडक्या चेहऱ्याचं गोल चित्र चिकटवलेलं.

"हे चित्र..." सूनबाई म्हणाली.

"अहो, त्यांना आकडे कळत नाहीत ना, म्हणून. चांगलं केलं तर हसरा चेहरा, नाही तर रडका. फार आवडतं त्यांना." संचालिकाबाईंनी चष्मा काढला. "हे बघा, पुढच्या महिन्यापासून त्यांना क गटात टाकावं लागेल. तिथे कागद-बिगद काही नसतात. टीव्ही लावलेला असतो, मावशी असतात लक्ष द्यायला. पुढच्या आठवड्यात केंद्र चालवणाऱ्या मंडळाचे पाहुणे येतायत पाहणीला. अ गटात सगळे नीट करणारे दिसले पाहिजेत."

आणि सूनबाईने काय करावं? तिने हात जोडले. "माफ करा हं, त्यांचा स्वभाव पहिल्यापासून जरा तसाच आहे," असं म्हणाली आणि फाइल काखेत मारून निघून आली. नंतर ही एक गोष्ट आठवली की ती स्वतःवरच चरफडायची.

घरी आल्यावर सासूबाईंना खिडकीशी बसवलं, चहा टाकला, आणि जेवणाच्या टेबलावर तिने फाइल उघडली. पहिल्या कागदावर एक बदक होतं. गुबगुबीत, डोक्याला रिबीन बांधलेलं. वर छापलेलं: 'चित्रात छान छान रंग भरा आणि वाक्य पुर्ण करा.' त्यातल्या 'पु'खालचा उकार खोडून समासात ठसठशीत 'पू' लिहिलेला होता. खाली 'बदक पाण्यात निट पोहते', तिथे 'नी'. दुसऱ्या कागदावर जोड्या: गाय आणि दुध, आकाश आणि सुर्य, डोंगर आणि नदि. दू, सू, दी. तिसऱ्यावर 'स्मरण परिक्षा क्र. ४', तिथे 'री'.

चहा उतू गेला. सूनबाईला त्याचं भान नव्हतं. तिने वीसच्या वीस कागद टेबलावर पसरले. गिरगट कुठेच नव्हती. प्रत्येक रेघ जागच्या जागी होती. ज्या हाताला आता ब्लाउजचा हुक लावता येत नव्हता, त्या हाताने अक्षराला धक्का न लावता समासापर्यंत रेघ ओढली होती. सदतीस चुका होत्या, छत्तीस बरोबर धरलेल्या, एकच निसटलेली. शिवाय एका जागी बरोबर असलेल्या 'दिवस'चा 'दीवस' केला होता, आणि त्या एका शब्दापाशी मात्र सूनबाईचं बोट अडलं, कारण मात्राबाईंच्या हातून पूर्वी हे झालंच नसतं. आजार होता. तो कुणी नाकारत नव्हतं.

शेवटच्या कागदावर पुन्हा तेच बदक. त्याच्या शेजारी समासात, मुद्रितशोधक लेखकाला शंका विचारतात तशी, चौकटीत प्रश्नचिन्ह काढून बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'वाचक कोण? वय?'

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तर वर्षांच्या बाईने अगदी सभ्यपणे, आपल्या धंद्याच्या रीतीने विचारलं होतं की बाबांनो, हे तुम्ही कुणासाठी छापलंय? आणि त्यावर त्यांनी रडका चेहरा चिकटवला होता!

"आई," तिने हाक मारली. "हे तुम्ही तपासलंत?"

सासूबाईंनी कागदाकडे पाहिलं. "फार गचाळ काम आलंय हल्ली," त्या म्हणाल्या. "मालकांना सांगा, असं नका घेऊ."

त्या शनिवारी सूनबाई दुकानातून रजा काढून रुग्णालयाच्या वर्गाला गेली. वर्ग म्हणजे बाह्यरुग्ण विभागातली बाकं आणि एक फळा. परिचारिका पन्नाशीची, आवाज जाडाभरडा. तिने आल्या आल्या विचारलं, "रोज सकाळी तुमच्यापैकी किती जण विचारतात, 'सांग बरं मी कोण?'"

सगळे हात वर झाले. सूनबाईचाही.

"का विचारता?"

"आठवण राहावी म्हणून," कुणी तरी म्हणालं.

"आणि नाही आलं उत्तर, तर तुमचा चेहरा पडतो. तो त्यांना दिसतो. नाव विसरलं तरी पडलेला चेहरा कळतो हो त्यांना! रोज उठून नापास व्हायचं, तेही पोटच्या पोरांसमोर. तुम्ही तरी कशाला उठला असतात मग अंथरुणातून?" परिचारिकेने खडू खाली ठेवला. "परीक्षा घेऊ नका. काम द्या. जे हाताला ठाऊक आहे ते. आयुष्यभर जे केलं त्याचा एक तुकडा, झेपेल एवढाच. चुकलं तर चुकू द्या, टोकू नका. आणि मोठ्या माणसाला मोठ्या माणसाचं काम द्या."

सूनबाई मान खाली घालून बसली. संचालिकाबाईंवर डाफरायला निघालेली ती, पण रोज सकाळी दात घासायच्या आधी तीच सासूबाईंसमोर उभी राहून म्हणत होती, 'सांगा बरं, मी कोण?' वर पुन्हा, 'असं काय करता, काल तर सांगितलं होतंत!'

सोमवारी दुकानातून येताना तिने औषधांच्या खोक्यांत असतात त्या बारीक छपाईच्या मराठी माहितीपत्रकांचा गठ्ठा आणला. सासूबाईंपुढे लाल पेन्सिल ठेवली आणि त्या पूर्वी सांगायच्या तसं, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, म्हणून ती वाचायला लागली. "जेवणानंतर स्वल्पविराम दिवसातून दोन वेळा पूर्णविराम."

सासूबाईंची पाठ ताठ झाली. चष्मा नाकावर सरकला. पेन्सिलीचं टोक ओळीखालून सरकू लागलं. पाऊण तास बाई उठल्या नाहीत, 'मला घरी जायचंय' म्हणाल्या नाहीत, पदराचे धागे ओढले नाहीत. मध्येच थांबून म्हणाल्या, "जरा सावकाश वाचा. घाईत काना जातो."

नवरा पाळी संपवून आला, तो दारातच थबकला. आईला असं बसलेलं त्याने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तो बूट न काढता तसाच उंबऱ्यावर उभा राहिला आणि मग आत जाऊन उगीचच नळ सोडून तोंड धूत राहिला.

मंगळवारी सूनबाई कागदांचा गठ्ठा घेऊन केंद्रात धडकली.

"तुमच्या कागदांत सदतीस चुका आहेत," ती संचालिकाबाईंना म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी छत्तीस धरल्या. तुम्ही किती धरल्यात?"

संचालिकाबाईंनी गठ्ठा हातातही घेतला नाही. "हे कागद मुख्य कार्यालयातून येतात. तज्ज्ञांनी तयार केलेत."

"तज्ज्ञांना 'पूर्ण' लिहिता येत नाही?"

"हे बघा, इथे शुद्धलेखनाचा प्रश्नच नाही. रंग भरण्यातून बोटांना व्यायाम होतो. आता तुमच्या सासूबाईंसाठी वेगळं, दुसऱ्यांसाठी वेगळं, असं करत बसले तर केंद्र चालेल का माझं?"

"मग शून्य तरी कशाला देता? त्यांनी काम केलंय!"

"दिलेलं काम केलं नाही," संचालिकाबाई म्हणाल्या आणि फोन उचलला. कुणाचा आला नव्हता, त्यांनीच लावला.

सूनबाई बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात ती तरुण ताई पेल्यातलं पाणी घटाघटा पीत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मला दोन दिवसांचं शिक्षण दिलं हो," ती हळूच म्हणाली. "बावीस जण आहेत आणि मी एकटी. मला वाटलं, आजी रागाने रेघोट्या मारतात. त्या काय करायच्या आधी?"

"तुम्हाला माहीत नाही?"

ताईने कपाटातून भरतीचा अर्ज काढून दाखवला. चार पानी होता. साखर आहे का, रक्तदाब आहे का, कवळी आहे का, लघवीवर ताबा आहे का, कशाची अ‍ॅलर्जी, कुठल्या कुशीवर झोप. या माणसाने जन्मभर काय केलं, हे विचारायला एक ओळसुद्धा नव्हती. कवळीला रकाना होता, माणसाला नव्हता! सूनबाईने तो अर्ज दोनदा उलटसुलट करून पाहिला.

"ते कोपऱ्यातले आजोबा?" तिने विचारलं. "सारखे हात गोल फिरवतात ते?"

"त्यांच्या तक्त्यात 'निरर्थक हालचाली' लिहिलंय."

"ते बस चालवायचे. आमच्या रस्त्यावरची. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्याच बसने कामाला जायचे."

ताईचा चेहरा पडला.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. घरच्यांनाही बोलावणं होतं. खोलीत मोठा फलक लावला होता, त्यावर सोनेरी अक्षरांत 'जेष्ठ नागरीक आनंद मेळावा'. म्हाताऱ्यांच्या डोक्यांवर कागदी मुकुट चढवलेले. मंडळाचे चार पाहुणे पुढच्या रांगेत सोफ्यावर, त्यांच्यापुढे बिस्किटांच्या बश्या, आणि एक जण सारखा फोटो काढत होता. सासूबाई अजून अ गटातच होत्या. क गट पाहुण्यांना दाखवायचाच नव्हता, त्या खोलीला बाहेरून कडी होती.

संचालिकाबाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि बस चालवणाऱ्या आजोबांपाशी गेल्या. "सांगा पाहू आजोबा, आज कुठला वार?"

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. "रविवार?"

"रविवारी आपण येतो का इथे? गंमतच करता तुम्ही!" संचालिकाबाई हसल्या. पाहुणेही हसले, प्रेमाने, लहान मूल बोबडं बोललं की हसतात तसे. आजोबांनी मुकुट काढून मांडीवर ठेवला. मावशींनी तो पुन्हा त्यांच्या डोक्यावर बसवला.

मग त्या सासूबाईंकडे वळल्या. "आणि या आमच्या आजी. आजी, बदक कसं ओरडतं, करून दाखवा बरं पाहुण्यांना!"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या वर बघत होत्या, फलकाकडे. मग खुर्चीचा हात धरून उठल्या, सगळ्यांच्या पुढून सावकाश चालत गेल्या आणि फलकाच्या पहिल्या अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे कुणी सोडलं?" त्यांचा आवाज छापखान्यातला होता. "ज्येष्ठ. ज-ला य हवा. एवढ्या मोठ्या टायपात चूक जाते?"

मग संचालिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! आजींना अक्षरं ओळखता येतात! टाळ्या आजींसाठी!" त्यांनी खिशातून हसरा चेहरा काढला आणि सासूबाईंच्या खांद्यावर चिकटवला.

सासूबाईंनी खांद्याकडे पाहिलं. त्यांचा हात फलकावर होता तो खाली आला. आपलं काय चुकलं, लोक कशाला हसतायत, हे त्यांना उमजेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

सूनबाई उठली. उठताना काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. तिने आधी तो चेहरा सोलून काढला आणि संचालिकाबाईंच्या हातात दिला.

"हा तुमच्याकडे ठेवा. या बाईंनी चाळीस वर्षं पुस्तकं तपासली. तुम्ही ज्या पुस्तकांवर शिकलात ना, त्यातलं एखादं त्यांच्याच हाताखालून गेलं असेल. त्यांना अक्षरं ओळखता येतात, हे तुम्ही आम्हाला सांगताय?"

"अहो, हे बोलायचं ठिकाण नाही..."

"मग कुठलं आहे? परवा तुमच्या खोलीत आले तर तुम्ही फोन लावलात!" तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "आजोबांना वार विचारलात. वार तुमच्या भिंतीवर तरी कुठे आहे? एक मोठं कॅलेंडर लावायचं सुचलं नाही, फुगे लावायचे सुचले! त्यांना विचारा, गावातून स्टेशनला कुठून वळायचं. त्या कोपऱ्यातल्या आजी काय करायच्या? ते पांढऱ्या केसांचे? सांगा ना. बावीस माणसांपैकी एकाचं तरी सांगा."

संचालिकाबाईंनी ध्वनिक्षेपक बंद केला. पाहुण्यांपैकी एकाने बिस्कीट बशीत परत ठेवलं.

"आणि 'नागरीक'सुद्धा चुकलंय," सूनबाई म्हणाली. "'रि' ऱ्हस्व असतो. आजारी त्या आहेत. तुम्ही नाही!" मग तिने सासूबाईंचा हात धरला. "चला आई. काम संपलं इथलं."

"पुढचं प्रूफ मागवलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"मागवते."

दोन दिवसांनी घरी पत्र आलं. सासूबाईंचं नाव कमी करण्यात आलं होतं. कारण, 'कुटुंबीयांचे असहकार्य'. त्या तीन ओळींतही एक चूक होती. नवऱ्याने पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला. "आता? तू दुकानात, मी पंपावर. आईला कोण बघणार? जरा गोडीने घेतलं असतंस तर..."

"गोडीनेच घेत होतो आपण," सूनबाई म्हणाली. "रंगीत बदकं घेत होतो गोडीने."

पुढचे दोन महिने फार वाईट गेले. शेजारच्या काकू सकाळी बसायच्या, सूनबाईने दुकानात अर्धा दिवस मागून घेतला. सासूबाई एकदा जिन्यावरून गडगडल्या, मनगट सुजलं. कुठल्या दिवशी पेन्सिल हातात धरायच्या, कुठल्या दिवशी माहितीपत्रकाची घडी करकरून फेकून द्यायच्या. सूनबाई चिडायची, ओरडायची, मग स्वतःलाच बोल लावायची. शनिवारचा वर्ग मात्र तिने सोडला नाही. आणि एका शनिवारी त्या बाकावर तिच्या शेजारी ती केंद्रातली ताई येऊन बसली. "शिकायला आलेय," ती म्हणाली. "मला कुणी शिकवलंच नव्हतं."

तिथूनच पुढचं झालं. बस चालवणाऱ्या आजोबांची मुलगी भेटली, केंद्र सोडून आलेली आणखी तीन घरं भेटली. आळीतल्या वाचनालयाने मागची खोली दोन दुपार उघडून दिली. ताई तिच्या सुटीच्या वेळी येऊ लागली. ड्रायव्हर आजोबांपुढे गावाचा नकाशा पसरला की ते बोटाने बस चालवत, आणि कुठला थांबा कधी हलवला यावर इतरांशी भांडत. एक शिवणकाम करणाऱ्या आजी गोधडीचे तुकडे जुळवत. चुकायचं, विसरायचं, मध्येच कुणी तरी घरी जायचं म्हणून हट्ट धरायचं, एकदा एक आजोबा खोलीतच ओले झाले. कुणी बरं झालं नाही. बरं होण्याचा हा आजारच नव्हे, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणाच्या डोक्यावर मुकुट नव्हता.

सासूबाई तिथे कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. एकदा वाचता वाचता त्यांनी सूनबाईला विचारलं, "तुमचं वाचन स्वच्छ आहे. कुठल्या छापखान्यात होता?"

पूर्वी तिला रडू आलं असतं. "तुमच्याच," ती म्हणाली.

"तरीच," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

या सगळ्यातही सूनबाईचा राग ओसरला नव्हता. केंद्रात अजून सतरा माणसं होती, त्यांच्यापुढे अजून तेच कागद जात होते, आणि क गटाच्या दाराला कडी होतीच. तिने मंडळाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' तिसऱ्या वेळी तिने पत्र लिहिलंच नाही. पाच घरची माणसं, ताई आणि परिचारिका अशी सगळी जणं मिळून मंडळाच्या कचेरीत गेली आणि व्हरांड्यात बसली. साहेब बैठकीत आहेत, असं शिपायाने दोनदा सांगितलं. "मग आम्ही पण बैठकीतच आहोत," परिचारिका म्हणाली आणि तिने पिशवीतून विणकाम काढलं.

तीन तासांनी आत बोलावलं. मेळाव्यात बिस्कीट बशीत परत ठेवणारे तेच पाहुणे टेबलामागे होते. सूनबाईने वीस कागद एकेक करून त्यांच्यापुढे मांडले. शेवटच्या कागदाच्या समासातला 'वाचक कोण? वय?' हा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला.

अर्जात एक रकाना वाढवायचं त्यांनी मान्य केलं: पूर्वीचं काम आणि आवड. चारचौघांत प्रश्न विचारणं बंद. कडी काढायची, हे त्यांनी तिथल्या तिथे फोन करून सांगितलं. कागद मात्र छापून झाले होते, वर्षभराचा साठा पडून होता. ते संपल्यावर बघू, म्हणाले. ताईसारख्या आणखी दोन जणी नेमायचं तर पुढच्या वर्षीच. संचालिकाबाईंच्या बदलीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी छताकडे पाहिलं.

बाहेर पडताना व्हरांड्यात संचालिकाबाई भेटल्या. त्यांनाही बोलावून घेतलं होतं. त्या जरा उतरल्यासारख्या दिसत होत्या, पण आवाज तोच. "झालं ना तुमच्या मनासारखं? झालं समाधान?"

"नाही," सूनबाई म्हणाली. "ते बदकांचे कागद उद्याही वाटणार आहात तुम्ही. मी पुढच्या सोमवारी पुन्हा येतेय."